पारीवर आडवा पडलेला माणूस

सानगडीच्या धुरपताबाईचं बोलणं ऐकायला मजा यायची, पण ते कुणासाठी आहे हे ऐकणाऱ्याला आधी ठाऊक असावं लागे. ती गोठ्यातल्या म्हशीला म्हणायची, "जेवाचं असंल त जेवून घ्या म्हना, भात थंडा होऊन राहिला." म्हैस आपली रवंथ करत राही आणि ओसरीवरचा मारोतराव उठून हातपाय धुई. ती चुलीला म्हणायची, "बजारातून मीठ आना म्हना." संध्याकाळी मीठ येई. नवी सून सत्यवती घरात आली तेव्हा पहिले काही दिवस चांगलीच घाबरली होती, सासूच्या डोक्यात काही बिघाड असावा असं तिला वाटलं. मग इश्वरनं, तिच्या नवऱ्यानं, समजावून सांगितलं की आई बाबांशी बोलत नाही, नऊ वर्षं झाली, आणि या घरात हे असंच चालतं. सत्यवती शहाणी पोरगी. आठवडाभरात तीही म्हशीकडे लक्ष ठेवू लागली.

मारोतराव कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांच्या जातीचा. कोहळ्याच्या घरी मूल जन्मलं की त्याला आधी तलाव दाखवावा आणि मग आई, असं आमच्याकडे थट्टेनं म्हणतात. त्याच्या आज्यापणज्यापासून गावच्या मोठ्या तलावाचं तुडुम त्या घराच्या हाती होतं. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध, आणि तुडुम म्हणजे त्या पारीच्या पोटातून धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे खाचरांकडे, पाणी सोडायची वाट. ती केव्हा उघडायची, केव्हा बुजवायची, कुणाच्या बांधीत आधी पाणी जायचं, हे मारोतराव ठरवी आणि त्यावर कुणी ब्र काढत नसे. पावसाळ्यात तो पारीवरच्या झोपडीत राही. दिवसातून चारदा पार पायाखाली घाली आणि खेकड्यानं कुठं बीळ पाडलं आहे का ते बघत फिरे. बाकीचे नवरे दारूपायी घराबाहेर असतात, माझा खेकड्यापायी, असं त्या काळी धुरपता हसून सांगायची. हो, त्या काळी ती हसायची.

सत्तर साली पोळ्याच्या आधीपासून पावसानं जे धरलं ते सोडेना. बैल तोरणाखाली भिजत उभे राहिले, पोळा कसाबसा फुटला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकराबाळांचा. मारोतराव पहाटे पारीवर गेला तो जेवायला आला नाही. धुरपतानं कालच्या पुरणाच्या पोळ्या फडक्यात बांधल्या आणि आठ वर्षांच्या रुखमीच्या हाती दिल्या. "बाबाले देऊन ये. मंग नंदी घेऊन खेयाले जाजो," ती म्हणाली. रुखमी आपला लाकडी नंदी दाराशी उभा करून ठेवून गेली. ती पारीच्या खालच्या वाटेनं निघाली, कारण वरून चिखल फार होता. आणि ती खाली असतानाच पार फुटली.

मारोतराव अर्ध्या मैलावर बाभळीत अडकलेला सापडला. डावा खांदा निखळला होता तो पुढं कधी नीट वर झाला नाही. रुखमी सापडली नाही. नाल्यानं, चुलबंद नदीनं, थेट वैनगंगेच्या संगमापर्यंत माणसं बांबू घेऊन हिंडली. पोरगी नाही, पोरीचा परकर नाही, शिदोरीचं फडकंही नाही.

मग परसराम बोलला. परसराम भला माणूस, पण त्याचं शेत उंचावर, आणि उंचावरच्या माणसाला सगळं दिसतं असं त्याला वाटायचं. तो चावडीवर म्हणाला, "मारोतराव त पारीवर आडवा पडला होता. म्या सोता पायलं." एवढंच. बाकीचं गावानं आपापल्या पदरचं घातलं. काल पोळा होता, पोळ्याला कोण पीत नाही, उतरली नसेल, पाऊस अंगावर घेत झोपला असेल. दोन दिवसांत गावभर झालं की तुडुम उघडायच्या वेळी मारोतराव झोपला होता. धुरपतानं वाट पाहिली. तो नाही म्हणेल, अंगावर धावून जाईल, निदान परसरामाच्या नावानं एक शिवी घालील. मारोतराव हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तुडुमाचं काम गावानं काढून घेतलं तेव्हाही मान खाली घालून बसून राहिला. तेव्हापासून धुरपता म्हशीशी बोलू लागली.

आणि खरं सांगायचं तर तिच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. ती शिदोरी तिनं बांधली होती. पोरीला तिनं धाडलं होतं. म्हणून ती सगळा भार नवऱ्याच्या झोपेवर टाकी, आणि मग जरा बरं वाटे. माणसाला कुणावर तरी रागवायला लागतं, नाहीतर तो स्वतःला खातो.

इश्वर शिकला, भंडाऱ्याजवळच्या सरकारी कारखान्यात लागला. कारखान्यात अशी सोय की चार वर्षांतून एकदा सरकार आपल्या खर्चानं बायकोपोरांना, आईबापांना देश दाखवतं. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात इश्वरचा नंबर होता. सत्यवतीला काश्मीर पाहायचं होतं. इश्वरच्या मनात तिरुपती होतं, देवही होतो आणि टक्कलही. धुरपता तांदूळ निवडत बसली होती. ती सुपाला म्हणाली, "बंगालचा समुद्र पाहाले भेटते का म्हना."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. झालं होतं असं, की शाळेत असताना इश्वर भूगोल मोठ्यानं पाठ करायचा. चुलबंद मिळते वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेला, प्राणहिता गोदावरीला, गोदावरी बंगालच्या उपसागराला. त्याच्या साऱ्या शिक्षणातलं आईनं तेवढंच लक्षात ठेवलं होतं. तलावाचं पाणी शेवटी कुठं जाऊन थांबतं ते तिला कळलं होतं. रुखमी कुठं आहे ते कळलं होतं.

कारखान्यातल्या कुणीतरी इश्वरला सांगितलं की जायचंच तर अंदमानला जा, मद्रासहून जहाज निघतं, सरकारचे पैसे त्याहून लांब जात नाहीत. लांबचं ते चांगलं, हा हिशेब सगळ्यांना पटला. मारोतरावाला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मिरगाच्या आंधी वापस या लागंल." तुडुम हातात नव्हतं, कुणी बोलवत नव्हतं, तरी दर पावसाळ्यात तो पारीवर जाऊन बसायचाच.

निघताना धुरपतानं ट्रंकेच्या तळाशी एक गाठोडं ठेवलं. हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या आणि घरच्या धानाचे ओंजळभर तांदूळ. रुखमी असती तर यंदा लग्नाची झाली असती. लेक सासरी जाते तेव्हा माय तिची ओटी भरते. ही पोरगी ओटी न भरता गेली होती, ती भरून यायची एवढंच धुरपताच्या मनात होतं. नवऱ्याला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. तो झोपणारा, त्याचा या ओटीशी काय संबंध.

मद्रासला समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा ती किनाऱ्यावर उभी राहून पलीकडचा काठ शोधू लागली. तलाव म्हटला की पलीकडचा काठ दिसतो, त्यावर झाड दिसतं, झाडाखाली कुणाची तरी गाय दिसते. इथं पलीकडे काही नव्हतंच. तिनं डोळे बारीक करून पाहिलं, हात कपाळाशी धरून पाहिलं. मारोतराव शेजारी उभा होता. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याला काय विचारावं ते त्याला सुचत नव्हतं. जहाजावर चढल्यावर मात्र त्यानं एका खलाशाला गाठलं आणि आपल्या हिंदीत विचारलं, "जादा हुआ तो इसका पानी किधर से छोडते जी?" खलाशी इतका हसला की त्याला कठड्याला धरावं लागलं. इश्वरनं बापाला बाजूला नेलं. मारोतरावाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. एवढं पाणी आहे आणि सांडवा नाही, ही गोष्ट त्याला जाताना सारी वाट खटकत राहिली.

जाताना समुद्र शहाण्यासारखा वागला. खालच्या मजल्यावर एकावर एक लोखंडी बाकं, त्यावर शेकडो माणसं, डब्यातला चिवडा, मुरमुऱ्यांच्या पिशव्या, पत्त्यांचे डाव. रोज सकाळी धुरपता गाठोडं पदराखाली घेऊन वर जायची आणि तसंच घेऊन खाली यायची. पोर्ट ब्लेअरला उतरली तर तिथला समुद्र भोवती डोंगर घेऊन निळाशार पसरलेला, अगदी आपला नवेगावचा तलाव. माणसं पाय सोडून बसलेली. तिला वाटलं, एवढ्या गोड पाण्यात माझी पोरगी असेल हे मन घेत नाही. ज्यानं घर धुऊन नेलं ते पाणी हे नव्हे. गाठोडं परत ट्रंकेत गेलं, आणि ती मनातून फार खट्टू झाली. एवढ्या लांब येऊन पोरगी भेटली नाही, असं तिला वाटलं.

परतीला जहाज मद्रासच्या जवळ आलं. सत्यवतीनं वेणीफणी केली, पावडर लावली, सामान बांधलं. इतक्यात भोंग्यावर कुणी काही बोललं आणि जहाज वळलं. वादळ किनाऱ्याकडे निघालं होतं, बंदर बंद झालं होतं. किनाऱ्याशी थांबलं तर आपटेल, म्हणून कप्तान जहाज घेऊन उलटा खोल समुद्रात निघाला होता. इश्वरनं हे सांगितलं तेव्हा धुरपताला आश्चर्य वाटलं. पूर आला की माणूस जमिनीकडे धावतो. हे लोक जमिनीपासून दूर पळत होते.

तीन-चार दिवसांचा प्रवास, तो लांबत गेला. आज पोचू, उद्या पोचू म्हणता म्हणता आठवडा उलटला. आधी आभाळ तांब्याच्या भांड्यासारखं झालं. मग वारा आला. खालच्या मजल्यावर सगळ्यांना बोट लागली. सत्यवती बादलीला मिठी मारून पडली, काश्मीर काश्मीर असं काहीतरी पुटपुटत. इश्वर सरकारला शिव्या देऊ लागला, जसं काही वादळही सरकारी खर्चानंच आलं होतं. जेवण एक वेळेवर आलं, तेही नुसती खिचडी, आणि ती खायला उठणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. त्यांत धुरपता होती. तिला काही होत नव्हतं. आतून कुणीतरी हाका मारतंय असं मात्र होत होतं.

त्या दुपारी, वारा सगळ्यात जास्त होता तेव्हा, तिनं पाहिलं की मारोतरावाचं बाक रिकामं आहे. घोंगडंही नव्हतं. सत्यवतीचं वाळत टाकलेलं लुगडं नव्हतं, इश्वरची पँट नव्हती. कुणाला हाक मारावी तर सगळे आडवे. ती भिंतीला धरत, पडत, सावरत जिन्यानं वर गेली आणि तिनं दार ढकललं. दारापलीकडे लांबट गॅलरी होती. डोक्यावर छप्पर, बाहेरच्या बाजूला कमरेएवढी लोखंडी भिंत.

दार उघडलं आणि धुरपता जागच्या जागी थांबली. समोर पाणी उभं होतं. तिनं जन्मभर पाणी आडवं पाहिलं होतं. तलावात, नदीत, अगदी पार फुटली तेव्हाही ते आडवंच धावलं. इथं ते डोंगराएवढं उभं राहत होतं, काळं, आणि त्याच्या माथ्यावरून दुसरं उभं राहत होतं. आभाळ कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं ते दिसत नव्हतं. जहाज त्या पाण्यावर चढे, क्षणभर वर थांबे आणि खाली जाई. ज्या जहाजात सगळी सानगडी मावली असती ते इतकं क्षुल्लक झालेलं तिला पाहवेना. आणि तिला भीती वाटली नाही. भीती वाटायला आपण कुणीतरी असावं लागतं. तिनं एका हातानं दार धरलं आणि दुसरा छातीशी नेला. हेच ते, तिला वाटलं. आपल्या तलावाचं पाणी यात एक चूळ भरेल, आणि त्या एका चुळीनं माझं घर नेलं. आणि आपण नऊ वर्षं म्हणत बसलो की हे पाणी एका माणसानं धरून ठेवायला हवं होतं.

तेवढ्यात तिला गॅलरीच्या तळाशी तो दिसला. मारोतराव आडवा पडला होता.

लोखंडी भिंतीच्या बुडाशी थोड्या थोड्या अंतरावर भोकं होती. जहाज कलंडलं की त्यांतून पाणी पिचकारीसारखं आत येई. मारोतरावानं ते पाहिलं होतं आणि जन्मभर जे केलं तेच केलं होतं. एका भोकात घोंगडं, एकात सुनेचं लुगडं, एकात पोराची पँट अशी ठेचून कोंबली होती. शेवटच्या भोकाला काही उरलं नाही, तर त्यानं आपली पाठ लावली होती. भिंतीला पाठ, पाय समोरच्या खांबाला रेटलेले, डोळे मिटलेले, तोंडावर पाणी. गॅलरीत वीतभर पाणी साचलं होतं आणि उंबऱ्यावरून आत जाऊ लागलं होतं. पलीकडच्या दारातून एक प्रवासी डोकावला. "देखो, बूढ़ा पी के सोया है," असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं.

कुणी दुरून पाहिलं तर असंच दिसणार. परसरामानं उंचावरून पाहिलं तेव्हाही असंच दिसलं असणार. एक माणूस आडवा पडलेला, डोळे मिटलेला.

ती पाण्यातून सरकत त्याच्याजवळ गेली. "उठा," ती म्हणाली.

नऊ वर्षांनी ती थेट त्याच्याशी बोलली होती. मारोतरावानं डोळे उघडले. "उठलो त पानी अंदर येते," तो म्हणाला.

मागून तोच खलाशी धावत आला, जो सांडव्याचं ऐकून हसला होता. त्यानं साचलेलं पाणी पाहिलं, भोकातलं लुगडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे चाचा, ये पानी आने का छेद नहीं है, जाने का है. ऊपर से जो आता है वो इधर से निकलता है." त्यानं लुगडं ओढलं, घोंगडं ओढलं, पँट ओढली, मारोतरावाला खांद्याला धरून बाजूला केलं. पाणी गटगट करत निघून गेलं. गॅलरी रिकामी झाली. खलाशी दोघांना आत ढकलून, दार लावून, हसत निघून गेला. आता जहाजभर सांगायला त्याला चांगली गोष्ट मिळाली होती.

दोघं जिन्याच्या पायरीवर बसली. अंगातून पाणी निथळत होतं. मारोतराव आपल्या हातांकडे पाहत होता. सगळी हयात तुडुमाची वाट राखलेला माणूस, आणि आज त्यानं जहाजाची तुडुमं बुजवली होती.

"त्या रोजी बी असेच पडले होते का तुमी?" धुरपतानं विचारलं.

जहाज एकदा चढलं, एकदा उतरलं.

"खेकड्यानं बीळ पाडलं होतं," मग तो म्हणाला. "मुसळावानी धार होती. घोंगडं कोंबलं, ते निंगून गेलं. मंग पाठ लावली. तुडुम खोलाले जावं त पाठ काहाडा लागे, अन् पाठ काहाडली की पार जाते असं वाटे. तसाच पडून राहिलो."

"मंग काहून सांगतलं नाई? गाव झोपला म्हने. मी म्हनो. नऊ वर्षं म्हनून राहिली."

"पुरं आयक," तो म्हणाला. "रुखमीनं खालून हाक देली. बाबा, पोया आनल्या, म्हने. म्या वरडलो, मांगं जाय, मांगं जाय. पान्याच्या आवाजात तिले आयकू गेलं नाई. ते हासत येऊन राहिली. उठून हात केला असता त पायलं असतं तिनं, थांबली असती. पन उठलो असतो त पार तवाच फुटली असती, तिच्याच आंगावर. मी उठलो नाई. अन् पार त फुटलीच." त्यानं निखळलेला खांदा दुसऱ्या हातानं धरला. "झोपला होता म्हनले त म्हनू देलं. बाप जागा होता, पोरगी डोयासमोर होती, अन् तरी गेली, हे तुले कसं सांगू. झोपला होता, हेच तुह्यासाठी बरं होतं."

धुरपता ऐकत होती. नऊ वर्षांचा तिचा राग कुठं ठेवावा ते तिला कळेना, आणि मग तिला कळलं की ठेवायला तो उरलेलाच नाही. या माणसानं गावाची थुंकी तोंडावर झेलली, तुडुम सोडलं, म्हशीच्या मारफत आलेला भात खाल्ला, आणि एवढं सगळं तिला त्या एका क्षणापासून दूर ठेवायला. असं कुणी करतं का, असं तिला वाटलं, आणि ती रडू लागली. रडत रडतच तिनं आपलं सांगितलं.

"शिदोरी म्या धाडली होती. खालच्या वाटेनं जाय म्हनून म्याच सांगतलं, वर किचड होता म्हनून."

मारोतरावानं मान हलवली. "मालूम हाय," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. त्याला सगळी वर्षं ते ठाऊक होतं आणि त्यानं ते एकदाही तिच्या तोंडावर मारलं नव्हतं.

वादळ उतरलं तेव्हा समुद्र एकदम गप्प झाला नाही. मोठं मूल रडून थकल्यावर हुंदके देतं तसा तो दोन दिवस हुंदके देत राहिला. तिसऱ्या सकाळी जहाज पुन्हा मद्रासकडे वळलं. माणसं वर येऊन, पांढऱ्या चेहऱ्यांनी, ऊन खात बसली. धुरपतानं ट्रंकेतून गाठोडं काढलं आणि मारोतरावाला म्हणाली, "या इकडे. एकट्या मायनं नाई होत हे."

कठड्याशी तिनं पदर पसरला आणि त्याच्या हाती एकेक वस्तू दिली. खण, हळकुंड, सुपारी, बांगड्या, नारळ. त्यानं ते पदरात घातलं. शेवटी घरचे तांदूळ. त्याचा डावा हात वर होईना, तर तिनं खालून आपल्या हाताचा आधार दिला, आणि दोघांनी मिळून पदर कठड्यावरून रिकामा केला. तांदूळ वाऱ्यानं पसरले आणि दिसेनासे झाले. नारळ बराच वेळ तरंगत राहिला. इतक्या पाण्यात एक नारळ किती लहान दिसतो ते पाहत दोघं उभी राहिली. धुरपतानं हात जोडले. पोरीला जोडले की पाण्याला, हे तिला सांगता आलं नसतं. इश्वर आणि सत्यवती मागे उभी होती. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं, तरी सत्यवतीनं डोक्यावर पदर घेतला.

सानगडीला ते मृगाला दोन-चार दिवस उरले असताना पोचले. गाव ओसरीवर जमलं. समुद्र केवढा, जहाज केवढं, मासा पाहिला का, काळं पाणी म्हणतात ते खरंच काळं का. परसरामही आला होता, आता केस पिकलेला, हातात काठी. सगळ्यांचं विचारून झाल्यावर धुरपता म्हणाली, "परसरामभाऊ, तान्ह्या पोळ्याच्या रोजी तुमी का पायलं होतं, ते सांगा बरं एकडाव."

परसराम चपापला. "आता कायले ते, वैनी."

"सांगा. सगळे हायेत."

"मारोतराव पारीवर आडवा पडला होता, एवढंच म्हनलो मी."

"खरं पायलं तुमी," धुरपता म्हणाली. "खोटं नाई बोलले. त्यायच्या पाठीखाली का होतं, ते तेवढं दुरून दिसलं नाई तुमाले. खेकड्याचं बीळ होतं. सारा तलाव होता. पार जाईपावतर पाठ लावून पडले होते ते." मग ती नवऱ्याकडे वळली, सगळ्यांसमोर, आणि म्हणाली, "चहा घेता का?"

परसराम काठीच्या टोकाकडे पाहत बसला, मग उठून मारोतरावाजवळ गेला आणि त्याच्या शेजारी टेकला. चहा आला तेव्हा धुरपतानं पहिला कप परसरामाला दिला. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. त्या दिवसापासून तिला कुणी निरोप सांगितला नाही.

श्रावणात तलाव भरला. तुडुम गावानं मारोतरावाला परत द्यावं की नाही, यावर अजून चर्चाच चालू होती. गावाच्या चर्चा आणि मुंगीची वाट, दोन्हीला शेवट नसतो. तो मात्र रोजच्यासारखा पहाटेच पारीवर गेला होता. दुपारी पावसाची झड थोडी थांबली तेव्हा धुरपतानं भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण फडक्यात बांधलं. नऊ वर्षं शिदोरी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जायची. तिनं त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. आज ती स्वतः निघाली, आणि वरच्या वाटेनं, चिखलातून, पारीच्या माथ्यावरून चालत गेली.

मारोतराव नव्या मातीच्या जोडाशी बसला होता, जिथं पार पुन्हा बांधली होती तिथं. तिला येताना पाहून तो उभा राहू लागला.

"हेच जागा का?" तिनं विचारलं.

"हेच."

डाव्या हाताला तलाव काठोकाठ होता, उजव्या हाताला, खाली, रुखमीची वाट. धुरपतानं दोन्हीकडे पाहिलं. मग तिनं शिदोरी सोडून त्याच्या समोर ठेवली.

"सरका थोडे," ती म्हणाली. "मले बी बसू द्या."